मोडीत निघालेली कढई

केजला निघालेल्या एसटीत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली. माझ्या मांडीवर पिशवीत गंजलेली लोखंडी कढई होती. रोज तारेच्या घासणीने ती लख्ख घासायची आणि ओलीच पालथी घालायची, ही माझी पद्धत. पुढे पुढे पिठलं तळाला चिकटायला लागलं, तेव्हा वैतागून मी ती भंगारात द्यायला निघाले होते.

तिने न विचारताच पिशवीतून कढई काढली आणि टिचकी मारली. कढई खणखणली.

"मोडीत कावून घालता, आक्का? कढई लई चांगली हाय. तुमीच तिची कातडी काढलीय."

मला राग आला. चाळीस वर्षं मी स्वयंपाक करते! तिला त्याचं काही नव्हतं. कढईत अंगठा गोल फिरवत ती सांगत राहिली, "विटकरीनं गंज काढा, कोरडी तापवा, अर्ध्या कांद्यानं करडईचं तेल फिरवा. धुतली की परत चुलीवर वाळवा. काळी झाल्याबिगर कढई आपली होत न्हाई."

ती ऊसतोडीला जाणारी होती. "फडावर दर साली ऱ्हायला पाचटाची कोपी नवी, चूल नवी," ती म्हणाली, "कढई मातर लग्नातलीच." आणि मधल्याच फाट्यावर उतरून गेली. नाव विचारायचं राहिलं.

केजला मी घाण्यावरून करडईचं तेल घेतलं आणि कढईसकट परत आले.

परवा सुनेने ती काळीभोर कढई घासायला घेतली. मी घासणीच हिसकावली. "तिची कातडी काढू नको!" म्हणाले, अगदी त्या बाईच्याच ठसक्यात.