बिनहिऱ्याचा साखरपुडा

काळाचौकीच्या चाळीत मालन घाडीला लोक 'सोन्याची मालन' म्हणत, आणि म्हणताना तोंड वाकडं करत. अंगावर गुंजभर सोनं नसताना ही बया सकाळी नऊला चपला फटफटवत निघायची आणि गिरगावात बाबुरावांच्या सराफी दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना हिरे दाखवायची. 'वहिनी, तुमच्या हाताला काय खुललाय हो!' असं दिवसातून वीसदा म्हणायची, आणि त्यातलं एकदाही खरं नसायचं. हात तो हात, त्याला हिऱ्याने काय दिवे लागणार, असं तिचं खाजगी मत होतं.

एक्क्याऐंशी साली ती तिथे लागली तेव्हा तिचे वडील गुणाजी गिरणीत साच्यावर कापड विणत होते. वर्षाच्या आत संप झाला. गेट मीटिंगला गुणाजींची घोषणा पार नाक्यापर्यंत ऐकू जायची. पुढे संप मिटला नाही, नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर गुणाजींचा आवाजही गेला. गॅलरीतल्या बाकड्यावर बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. घर मालनच्या पगारावर चाललं, आणि तिचं लग्न दरसाल 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून पुढे ढकललं गेलं.

संपाच्या दिवसांत दुकानात हिरे बघायला कोण मरायला येतंय? यायच्या त्या लालबाग-परळच्या बायका, मोडायचं काहीतरी पदराच्या गाठीत बांधून. ओळखीच्या मालनला बघितलं की लाजून दारातूनच परत फिरायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुकाट यायच्या. मालन त्यांच्या बांगड्या काट्यावर ठेवायची. जाताना बाई रिकामं मनगट दुसऱ्या हाताने झाकून पायरी उतरायची. ते बघून मालनला दर वेळी रडू यायचं, आणि रडू आलं की ती उगाच काउंटर पुसायची. बाबुराव म्हणायचे, "अगं, काच झिजेल."

एकोणनव्वद साली, एकोणतिसाव्या वर्षी, मालनचं जमलं. मुलगा गणपत, लालबागच्या एका छापखान्यात कामाला. दिसायला बरा, बोलायला कमी. त्याच्या वाटचं बोलणं त्याची आई रखमाबाई करायची. या बाईंनी संपात नवरा घालवला होता, डोरलं विकलं होतं, तांब्याची कळशी विकली होती. फक्त हातातल्या दोन पाटल्या तेवढ्या सोडल्या नव्हत्या. आता त्याच मोडून सुनेला हिऱ्याची अंगठी करायची, असं त्यांनी अख्ख्या चाळीला सांगून टाकलं. संपाने आपलं काही वाकडं झालं नाही, हे लोकांना दिसायला नको?

मालनच्या कानावर हे आलं. दुसऱ्या दिवशी तिने गणपतला दुकानात बोलावून ओपलचा एक खडा दाखवला. चार वर्षं कपाटात पडून होता. कुणा ज्योतिषाने शुक्रासाठी सांगितला म्हणून एका गृहस्थाने नेला आणि आठवड्यात परत आणला. खड्याचा गुण येऊन त्याची बायको माहेरहून परत आली होती आणि नेमकं तेच त्याला नको होतं. दुधात रॉकेलचा थेंब पडावा तसे त्यात रंग फिरायचे. मालनला तो मनापासून आवडायचा.

"हा बसेल माझ्या पगारात," गणपत म्हणाला.

"म्हणूनच दाखवला. आणि आईच्या पाटल्या आईच्या हातात राहतील. सांगशील घरी?"

गणपतने सांगितलं. रखमाबाई गुरुवारी थेट दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"खडो? साखरपुड्याक खडो? लोक इचारतले, चेडवाच्या मागे खयचो ग्रह लागलो म्हणान!" त्यांनी पाटल्या उतरवून काउंटरवर आपटल्या. "ह्यो मोड, आणि हिरो घाल."

मालनने पाटल्या त्यांच्याकडे सरकवल्या. "मावशी, ह्या मी काट्यावर ठेवणार नाय."

"दुकान काय तुज्या बापाशीचा? माझी वस्तू तुका चलना नाय?"

"चालत नाय असं नाय. पण लय बायकांचे हात मी ह्या काउंटरवर रिकामे केलेत. तुमचे नाय करणार. दुसरीकडून मोडून आणलात तर ती अंगठी मी घालणार नाय."

"मग हिरो येयपर्यंत आंगठी नाय!" रखमाबाई पाटल्या चढवून चालत्या झाल्या. बाबुरावांनी घटकाभर हिशेब चाळल्याचं नाटक केलं.

रविवारी साखरपुडा. रखमाबाई आल्या, पण दारातच सुनावलं, आज नुसती साखर आणि साडी, अंगठीचं उद्या मी दादरला बघते. गणपतच्या खिशात ओपलची अंगठी होती आणि तो अडकित्त्यातल्या सुपारीसारखा दोघींच्या मध्ये बसला होता. मालनला वाटलं, संपलं सगळं. उद्या ह्या पाटल्या जाणार, नाहीतर आपलं लग्न.

सुरुवातीला गाऱ्हाणं घालायचं होतं. गावी देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा मान घाडी घराण्याचा. घाडी एकेक मागणं घालतो आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत ते उचलून धरायचं. गुणाजी नारळ घेऊन उभे राहिले. सात वर्षांत कोणी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या दोन घरांचा जा काय कार्य आसा, ता बिनबोभाट पार पाड रे म्हाराजा!"

खोली हादरली. मालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. रखमाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

"कोणाची वायट नजर आसात, ती भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इहिणीच्या हातातल्यो पाटल्यो इहिणीच्या हातातच रवांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जावयान हाडलेली आंगठी चेडवाच्या बोटात शोभांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—" रखमाबाई थांबल्या, पण उशीर झाला होता. देवापुढे तोंडातून गेलेला होकार परत घ्यायची सोय नसते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

"ओ घाडीनु!" त्या कडाडल्या. "ह्यां गाऱ्हाणां की लबाडी?"

"तोंडात येतत ते शब्द देवाचे," गुणाजी म्हणाले आणि त्यांनी नारळ फोडला. मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले.

गणपतने संधी साधून अंगठी काढली आणि मालनच्या बोटात घातली. रखमाबाईंनी तिचा हात ओढून घेतला, ओपल नाकाशी धरून पाहिला, उजेडात फिरवून पाहिला. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तो लपवायला त्या खेकसल्या, "आता पाटल्यो तुका व्हये आसतीत, तर माज्या मरणाची वाट बघ!"

"सावकाश मरा, आई," मालन म्हणाली. "मला काय घाई नाय."