वालाच्या मुळांना गाठी नव्हत्या

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगते आहे, पण गोड मानून घेऊ नकोस. शलाका मला आवडत नव्हती. आजही आवडत नाही.

शलाका माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तीच वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत. माझंही वनस्पतिशास्त्रच होतं, पण शेवटचं वर्ष लग्नात गेलं आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. हिला मात्र सासऱ्यांनी शेतातल्या गोदामामागची उरलेली पट्टी प्रयोगाला दिली. "पोरगी काय तरी करते हाय, करू दे," म्हणाले. भात निघाल्यावर तिनं तिथं वाल पेरला आणि बांधाकडेला मोहरी.

जेवताना ती सगळ्यांना समजवायची. वालाच्या मुळांवर गाठी येतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. मोहरीला तसं जमत नाही, तिला मातीतलाच घ्यावा लागतो. मातीतल्या नायट्रोजनमध्ये जड अणू हवेतल्यापेक्षा किंचित जास्त; म्हणून दोन्हींची पानं तपासली की वालानं किती हवेतून घेतला ते कळतं. पुरुष ऐकत बसायचे. एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला जरा सोपं करून सांगते."

सोपं करून! त्या गाठींची आकृती मी वहीत किती वेळा काढली होती – तिला काय माहीत?

ती विद्यापीठात गेली की वाफ्यांना पाणी मी द्यायचे. भाताच्या वेळची युरियाची अर्धी गोणी पडवीत होती. मला हे नीट ठाऊक होतं की आयतं खत मिळालं की वाल गाठी धरत नाही. भर दुपारी, पलीकडच्या कापड कारखान्यात लूम खडखडत असताना, मी बादलीत युरिया विरघळवला आणि फक्त वालाच्या बुंध्यांशी ओतला. एकदा नाही. दर आठवड्याला.

वाल काळाभोर हिरवा झाला. सासरे खूश. शलाकानं रोपं उपटली, मुळं धुतली, आणि तिथंच चिखलात बसली. मुळं कोरी होती.

मला तेवढंच हवं होतं. पण पानांचा अहवाल आला आणि त्यात उलटंच – वालातला जवळजवळ सगळा नायट्रोजन हवेतला. गाठी नाहीत, मग हवेतला आला कुठून? तिच्या मार्गदर्शकांना वाटलं, हिनं दुसऱ्या शेतातली पानं पाठवली. ते घरी आले, पट्टी पाहिली, ओटीवर बसले. शलाकाच म्हणाली, "सर, युरिया पडला असेल तर असं होईल. कारखान्यात तोही हवेतल्या नायट्रोजनपासूनच बनतो."

हे मला माहीत नव्हतं. पण आता कळलं होतं ना? एक वाक्य बोलायचं होतं.

सरांनी मला विचारलं, वाफ्यात खत कुणी टाकलं का. मी म्हटलं, "न्हाय. पाणी मीच देते. दुसरं कोण जातंय तिथं?"

शलाका माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ओळखलं हिनं. मग ती सरांना म्हणाली, "ताई म्हणतात तर नसेल टाकलं. त्या खोटं नाही बोलायच्या."

तिथंच तिचं संपलं. सरांनी तिचं काम सोडलं, दुसरं कुणी तिला घेईना. नातेवाइकांत 'बनवाबनवी करणारी' हे नाव पडलं. दीर आणि ती कल्याणला राहायला गेले. ती आता शिकवण्या घेते. पट्टीवर सासऱ्यांनी आणखी एक गोदाम बांधलं.

तू म्हणशील, पस्तावा झाला असेल. झोप मला रोज लागते. त्या दिवशी ओटीवर मला एकच वाटलं – हिनं माझ्यावर विश्वास का ठेवला? त्याचा मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.