बोर्डावरचं दुसरं पान

कमलताईनं पासबुक माझ्या पिशवीवर ठेवलं आणि म्हणाली, "मोड."

मी पिग्मीचं काम करते. पिग्मी म्हणजे रोजची बचत. आमच्या पतपेढीतर्फे मी घणसोली-तळवलीच्या बाजारात फिरते. प्रत्येकाकडून रोज पन्नास, शंभर, ज्याला जमेल तेवढे घेते आणि मशीनमधून पावती काढून देते. वर्ष भरलं की व्याजासकट सगळे पैसे परत. मधेच खातं मोडलं तर व्याज नाही, वर थोडी कपातही होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. या कामाला ते पुरतं. बोलणं मात्र पुरत नाही.

कमलताईचं वर्ष भरायला तीन आठवडे राहिले होते. तिला डीप फ्रीझर घ्यायचा होता. संध्याकाळी उरलेली मासळी मिळेल त्या भावात द्यावी लागते, ते थांबवायला. ती वर्षभर त्याच फ्रीझरचं बोलत होती.

"काय गो, व्याज कमी केला आनि बोलली पन नाय?" ती म्हणाली. "माझी सून ऑफिसात जाऊन बोर्ड वाचून आली."

दर कमी झाला होता, हे खरं होतं. पतपेढीच्या ऑफिसातल्या साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं, "बोर्डावर लावलंय. कोणी विचारलं तर सांगा, नाहीतर नको." मला ते सोयीचं वाटलं. मी आपणहून कोणाशी बोलायला जातच नाही.

"ताई, तीनच आठवडे राहिलेत. आता मोडलं तर नुकसान होईल."

"व्याज तुमीच खाल्ला, आता अजून काय नुकसान? मोड. ऐरोलीच्या सोनाराच्या भिशीत टाकते."

तळवलीच्या मासळीबाजारात बोहनी झाल्याशिवाय बायका हातातला पैसा सोडत नाहीत. म्हणून मी अकरानंतर जाते आणि पहिली पावती कमलताईची फाडते. तिनं दिले की ओळीतल्या बाकीच्या देतात. त्या दिवशी तिनं दिले नाहीत. शेजारच्या दोघींनीही पासबुकं पुढे केली. "आमची पन ने." तिसरी म्हणाली, "माझं उद्या." मी तीन पासबुकं पिशवीत टाकून ऑफिसला आले.

साहेब डबा खात होते. खाताना त्यांना हाक मारायची मला हिंमत झाली नाही. ग्राहकांच्या खुर्चीत बसायलाही संकोच वाटतो. म्हणून बोर्डापाशी उभी राहून नोटीस वाचायला लागले. मी एकेक शब्द लावत वाचते, वेळ लागतो. वर दरांचा तक्ता होता. खाली बारीक अक्षरात मजकूर होता. शेवटची ओळ होती, "वरील सुधारित दर हे फक्त". पुढे काहीच नाही.

मला वाटलं, माझीच एखादी ओळ सुटली. पुन्हा वाचलं. तरी "फक्त"पाशीच संपलं. मग कागदाचा कोपरा उचलला. त्याच टाचणीखाली मागे आणखी एक पान होतं.

"नवीन उघडलेल्या खात्यांना लागू राहतील. चालू खात्यांना मुदत संपेपर्यंत जुनाच दर मिळेल."

ते मी चार वेळा वाचलं.

"साहेब, याच्यामागे अजून एक पान आहे."

"असेल. सह्या असतील."

"सह्या नाहीत. जुन्या खात्यांचं आहे."

साहेब उष्ट्या हातानंच उठून आले. वाचलं. "अरे," म्हणाले. मग म्हणाले, "हे असं लावलं कोणी?"

सोमवारी टाचणी त्यांनीच मारली होती.

त्यांना मी म्हटलं, दोन्ही पानांची झेरॉक्स द्या आणि वर शिक्का मारा. बाजारात माझ्या शब्दापेक्षा शिक्क्याला वजन आहे. त्यांनी हात धुऊन दोन शिक्के मारले.

मी एका दिवसात दोनदा बाजारात कधी जात नाही. कमलताईनं लांबूनच बघितलं. "आलीस परत? पैशे नाय देनार, सांगून ठेवते."

"पैसे नकोत. हे वाचून दाखवते."

"जोरात वाच. त्या पल्याडच्यांना पन ऐकू दे."

एवढ्या बायकांपुढे मी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. तरी वाचलं. कमलताईनं विचारलं, "म्हनजे माझा व्याज हाय तसाच?"

"हाय तसाच."

"मंग हे सकाली का नाय बोलली?"

"सकाळी मलाच माहीत नव्हतं."

ती हसली. "बरी हायेस. सांगून तरी टाकतेस." तिनं माझ्या पिशवीतून आपलं पासबुक काढून घेतलं आणि त्या दिवसाचे शंभर दिले. शेजारच्या दोघींनीही आपापली पासबुकं स्वतःच काढून घेतली. मी तिथेच बसून घेतलं, बर्फाच्या रिकाम्या पेटीवर.

तीन आठवड्यांनी तिचे पैसे जुन्या व्याजानं मिळाले. फ्रीझर आला. नवीन खातं उघडताना मी या वेळी आधीच सांगितलं, "ताई, आता व्याज कमी मिळेल."

"किती कमी?"

मी आकडा सांगितला. तिनं मनात काहीतरी जुळवलं.

"मंग रोज शंभराचे एकशेधा घे. पुढल्या वर्षी घरावर पत्रा टाकायचाय. पत्र्यावाला काय व्याज बघून भाव कमी करनार हाय?"

व्याज उतरलं की लोक पैसे काढून नेतात, असं साहेब नेहमी म्हणतात. माझ्या ओळीत त्या महिन्यात एकही खातं मोडलं नाही, आणि दोघींनी रोजची रक्कम वाढवली.

हे घरीसुद्धा मी नीट सांगितलेलं नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते. आता बोर्डावर नोटीस लावायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलंय. दोन पानं असली की मी ती शेजारी शेजारी लावते. टाचण्या जास्त लागतात.