पाठीवर उमटलेला ळ

आधीच सांगते, मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामात खोट काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आले... विश्वास वगैरे कधीच नाही. आता स्वतःच लिहायला बसलेय, तर हसा खुशाल.

वाघोलीतल्या आमच्या छोट्या कंपनीत एक बंडी बनते – म्हणजे बंड्यांची जोडी. एक आजारी माणसाने घालायची, दुसरी त्याच्या घरच्याने. पेशंटच्या पाठीला घाम आला किंवा तो एका बाजूला कलंडला, की लांब असलेल्या माणसाच्या पाठीला तिथेच ऊब नाहीतर थरथर जाणवते. पाठीत आठ बारीक मोटरी. बस्स, एवढंच.

टेस्टिंगसाठी एक बंडी माझ्या अंगात आणि दुसरी सदाशिव पेठेत बाबांच्या. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही. डॉक्टर म्हणाले, "भाषा गेलीय. ओळख किती उरलीय, सांगता येत नाही." आईने ते फार मनाला लावून घेतलं. त्यांचं सगळं करायची, पण मुकाट्याने. "भिंतीशी काय बोलू?" म्हणायची. मला त्या झटक्यापेक्षा घरातल्या या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायची.

तर, मंगळवार. दुपारी पाऊण वाजता मी ऑफिसात डेस्कवर होते. पाठीवर काहीतरी फिरलं... थरथर नव्हे – बोट. लहानपणी बाबा माझ्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायचे आणि मी ओळखायची. पण आठ मोटरींमधून रेघ निघत नाही हो, ठिपके निघतात! हे सलग वळण होतं. आधी अ. मग ळ – त्यात चूक होणं शक्य नाही, अशी दोन पोटं दुसऱ्या कुठल्या अक्षराला आहेत? पुढचं मात्र नीट कळलं नाही.

मी आईला फोन लावला.

"आई, आज अळूचं फदफदं केलंयस का?"

"मंडईत जायला वेळ कुठाय मला? मुगाची खिचडी आहे. का?"

"बाबांची बंडी नीट आहे ना अंगात?"

"धुतली."

"काय?!"

"घामाचा वास मारत होती. ती बॅटरीची डबी काढून फ्रीजवर ठेवलीय, तेवढं कळतं मला. बंडी दोरीवर वाळतेय."

मी लॅपटॉपवर पाहिलं. बाबांची बंडी सकाळपासून ऑफलाइन. माझ्या बंडीला एकही सिग्नल आलेला नव्हता.

"बाबा काय करतायत?"

"खुर्चीत बसलेत. दोन घास खाल्ले नि तोंडच मिटून घेतलं. मघापासून डाव्या हाताचं बोट फिरवतायत खुर्चीच्या हातावर."

तेवढ्यात ते पुन्हा आलं. सावकाश, मठ्ठ पोरीला गिरवून द्यावं तसं. अ... ळ... णी.

"आई, ती खिचडी जरा चाखून बघ."

"माझं जेवण व्हायचंय अजून."

"चाखून बघ गं!"

चमचा वाजला.

"अगंबाई... मीठच घातलं नाही मी."

"अळणी," मी म्हटलं. "बाबा सांगतायत, अळणी झालीय."

आईने फोन बंद केला नाही, नुसताच कुठेतरी ठेवला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. "अहो! आठ महिने एक अक्षर नाही, आणि आता काढलंत ते माझ्या खिचडीला नावं ठेवायला?" एवढं बोलली आणि ढसाढसा रडायला लागली. मीही रडले, ऑफिसात, सगळ्यांदेखत.

नंतर मी दोन्ही बंड्या उसवून तपासल्या. काही सापडलं नाही. टीममधला एकजण म्हणाला, लहानपणच्या आठवणीने भास झाला असेल. असेलही... पण मीठ नाही, हे माझ्या आठवणीला कसं कळलं? बाबांच्या हाताखाली पाटी ठेवून पाहिली, त्यांचं बोट माझ्या तळहातावर टेकवून पाहिलं. त्या दिवसानंतर एकही अक्षर आलेलं नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही, कुणाकडे असेल तर खाली जरूर लिहा.

आई मात्र आता रोज पहिला घास भरवते आणि विचारते, "अहो, कशी झालीय?" मग चमचा हातात धरून थांबते.