चित्र नको

आमच्या ऑफिसातल्या वंदनाताईंना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर संगणक त्यांना वाचून दाखवतो. आज त्यांनी संगणकाची माहिती देणारा आमचा प्रोग्राम चालवला. माहितीच्या आधी त्यात चिन्हं जुळवून काढलेलं मोठं चित्र येतं. "टिंब, टिंब, तिरकी रेघ, टिंब..." आवाज थांबेचना. ताई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"चित्र वगळायचा पर्याय देऊ या," मी साहेबांना म्हटलं.

"एका बाईसाठी?" ते हसले.

माझं डोकंच फिरलं. बघणाऱ्यांच्या हौसेपायी दुसऱ्यानं किती ऐकून घ्यायचं? साहेबांना न विचारता मी पर्याय लिहिला. आता प्रोग्राम सुरू करायच्या आज्ञेपुढे 'चित्र नको' जोडलं की थेट माहिती येते.

ताईंनी चालवून पाहिलं. चार ओळींत आवाज थांबला.

"अगं, एवढंच सांगायचं होतं होय या प्रोग्रामला?" म्हणून त्या हसल्या, आणि मला साहेबांचा आणखीच राग आला.