मांद्रेमार्गे बर्फाचा किल्ला

पाळीहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक लुंगी आणि लाकडी तलवार होती. तलवारीची मूठ बाहेर डोकावत होती. डिचोलीच्या बसमधला कंडक्टर म्हणाला, "भाऊ, खंय लढाय?" मी म्हटले, "मांद्र्याला. तिकीट एकच दे, तलवार मांडीवर बसेल."

लढाई मात्र खरीच होती. आमच्या देवळाच्या उत्सवी नाटकात बावीस वर्षे मी खलनायक आहे. बायाबापड्या मला बाजारात बघून तोंड फिरवतात, एवढा चांगला खलनायक. पण गेल्या वर्षी तलवारबाजीत माझी ढाल क्षणभर उशिरा उठली आणि नव्या नायकाची तलवार थेट माझ्या कानावर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक दत्ताराम मात्र विंगेत कपाळाला हात लावून उभा होता. यंदा पात्रे वाटताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, तुमका म्हातारो राजा. तुमचे हात आता धिमे जाले."

हा राजा पहिल्याच अंकात मरतो. तोही पलंगावर, खोकून खोकून! "सोमवारच्या तालमीला उत्तर देतो," असे सांगून मी शनिवारी सकाळी बहिणीकडे निघालो.

म्हापशाला गरम उंडे (कडक कवचाचे पाव) घेतले. शिवोलीचा पूल ओलांडला आणि खाणपट्ट्यातली तांबडी धूळ मागे राहून खारा वारा सुरू झाला. बहिणीच्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या. तिसऱ्या खोलीत भाची मनीषा टीव्हीपुढे कदेलावर (खुर्चीवर) मांडी घालून बसलेली. ती तुयेच्या कारखान्यात कामाला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ गेम खेळते. माझे गाऱ्हाणे तिने ऐकले आणि हातातला कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकला.

"हात धिमे जाल्यात काय ना, ते हांगाच कळटलें. अखेरीक बर्फाच्या किल्ल्याचो राजा आसा. तुवें ताका हरयलो जाल्यार (हरवलेस तर) सोमारा हांव तुज्यावांगडा (तुझ्याबरोबर) पाळी येतां आनी दत्तारामाक सांगतां."

"आणि हरलो तर?"

"मागीर (मग) खोकपाची तालीम सुरू कर."

असा मी त्या देशात पोचलो. काय सांगू! आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, तो गुडघाभर. निळे डोंगर, वर गिधाडे, पाठीला तलवार अडकवलेला माझा योद्धा. डावीकडे उंचावर घंटा टांगलेले एक देऊळ दिसले. प्रवासी माणूस, देऊळ पाहिल्याशिवाय पुढे कसा जाईल? मी वळलो. योद्धा चालतोय चालतोय, पण जागच्या जागीच!

"मामा, थंय वाट ना."

"देऊळ दिसते आहे की!"

"दिसता. पूण वचूंक मेळना (जाता येत नाही)."

त्या देशात वाट एकच. एक दरवाजा उघडतो, आत गेलात की पाठीमागे बंद. नदीवर एक नावाडी भेटला. त्याने दोन वाक्ये म्हटली. मी पुन्हा बोलायला गेलो, तर तीच दोन. चहा घेतलास का, असे विचारायची तिथे पद्धतच नाही. माझा योद्धा स्वतः काही खात नव्हता, जखम झाली की हिरवे औषध घटाघट पीत होता. इकडे मी मात्र उंडे आणि बांगड्याचे हुमण (आमटी) चापत होतो. पडद्यावर पुढे चला म्हणून बाण लुकलुकत होता. मी मुद्दाम धबधब्यापुढे उभा राहिलो, पाच मिनिटे. बाणाचे ऐकायला मी काय पलंगावरचा राजा आहे? मग दरीत पडलो. अकरा वेळा.

दुपारी किल्ला आला. शिंगांचा मुकुट घातलेला राजा सिंहासनावरून उठला. मी कंट्रोलर खाली ठेवला, छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात त्याला आव्हान दिले. आमच्या रंगभूमीवर संवाद संपेपर्यंत कोणी वार करत नाही. त्याने केला! माझे वाक्य अर्धवट आणि योद्धा आडवा.

"अरे, कुठल्या कंपनीत शिकलास तू?" मी ओरडलो. मनीषा हसून हसून कदेलावरून खाली आली. शेजारच्या खोलीतला गोरा पाहुणा दारात येऊन बघून गेला.

मी पाच वेळा मेलो.

"मामा, सोड आता. तुका जमचें ना."

"गप बस. सहाव्यांदा लाव."

या वेळी मी हल्लाच केला नाही. नुसता मागे सरकत राहिलो आणि एका खलनायकाने दुसऱ्याला बघावे तसा त्याला बघत राहिलो. तेव्हा दिसले. प्रत्येक वाराआधी तो अर्धे पाऊल मागे जायचा आणि उजवा खांदा किंचित उचलायचा. अहो, ही तर आमची खूण! वार कुठून येणार हे समोरच्याला कळावे म्हणून नाटकात खांदा आधी उचलतात. बावीस वर्षे मी ती प्रत्येक नायकाला दिली.

त्याने खांदा उचलला, माझी ढाल वर. पुन्हा खांदा, पुन्हा ढाल. एकही वार बसला नाही. शेवटी राजा गुडघ्यांवर कोसळला, आणि कोसळलाही काय सुंदर! मनीषा टाळ्या वाजवत होती. मी मात्र कान चोळत बसलो होतो. गेल्या वर्षी त्या नव्या नायकाने खांदा उचललाच नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि मी वर्षभर माझ्याच हाताला दोष देत होतो.

सोमवारी परतीच्या बसमध्ये मनीषा शेजारी होती. खिडकीतून एकेक देऊळ मागे जात होते आणि मनात आले, गावी जायची वाटही एकच आहे, पण तिथे पोचून कोणी मरायला सांगितले तर नाही म्हणता येते.

तालमीला मी नायकाला बाजूला घेऊन खांद्याची खूण शिकवली. मग दत्तारामला म्हटले, "तो पलंग बाजूला करा. एकच चकमक. कान वाचला तर खलनायक मी." नायकाने खांदा उचलला आणि वार केला. ढाल खाडकन वाजली. दुसरा वार, तिसरा, सातवा. माझा कान जागच्या जागी.

मनीषाला सांगायला काही उरलेच नव्हते. तिने फक्त विचारले, "मागीर म्हातारो राजा कोण?"

दत्ताराम उत्तर द्यायला उभा राहिला, आणि त्याला खोकला आला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो.