शिट्टी गळ्यात घालण्याआधी

बोईसरला मुलींना कबड्डी शिकवायला लागले तेव्हा माझी पुंजी एवढीच होती: शाळेत असताना खेळलेले सामने आणि मोठा आवाज. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सांगलीकडून इकडे आलो. तो कारखान्यात पाळीवर जायचा, मी संध्याकाळी कुंभवलीजवळच्या मैदानावर. तिथल्या कबड्डी क्लबात कुणी मला काही विचारलं नाही. खेळता येतं ना, मग शिकवताही येईल, असं सगळे धरून चालले होते. मीही.

आमच्या शाळेतल्या सरांनी आमचं जे केलं, तेच मी या मुलींचं केलं. सराव संपेपर्यंत पाणी नाही. रडायचं असेल तर घरी जा. मुली जिंकत होत्या, त्यामुळे पालकही खूश होते.

सातपाटीहून येणारी तेरा वर्षांची एक मुलगी चढाईत सगळ्यांत चपळ होती. एकदा पकडीतून सुटताना ती पडली आणि घोटा धरून बसली. मी म्हटलं, "नाटकं पुरे. चोळ आणि ऊठ." ती उठली. आणखी अर्धा तास खेळली.

दुसऱ्या दिवशी तिची आई मासळी विकून बाजारातून थेट मैदानावर आली. रिकामी पाटी खाली ठेवून तिने एक्स-रेचा लिफाफा माझ्या हातात दिला. घोट्याच्या हाडाला चीर गेली होती. आता ही चार लोकांत माझा उद्धार करणार, असं मला वाटलं. तिने आवाजही चढवला नाही.

"बाय, एक विचारू? आमच्या बोटीवर नवा मानूस आला, की तांडेल त्याला आदी समदं दाखवतो, मंगच जाल्याला हात लावू देतो. पोरींना कसं जपायचं ते तुमाला कुनी दाखवलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"मंग शिकून घ्या. पोरगी बरी झाली की तुमच्याकडंच येनार हाय ती. ऐकत नाय."

'नाटकं पुरे' म्हणणारा माझाच आवाज त्या रात्री कानात घुमत राहिला.

पुढच्या बैठकीत मी शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "प्रशिक्षण घेतल्याशिवाय मी ही गळ्यात घालणार नाही. आणि हा नियम सगळ्यांनाच हवा."

अध्यक्ष हसले. "अहो मॅडम, दहा वर्षं शिकवताय तुम्ही."

"दहा वर्षं चुकीचं शिकवलं असेल तर?"



सहा रविवार मी पालघरला गेले. वर्गातली बहुतेक मंडळी माझ्या निम्म्या वयाची. पाय मुरगळला की काय करायचं, डोक्याला मार लागला की काय विचारायचं, मुलाला एकटं खोलीत का बोलवायचं नाही, अपमान न करता चूक कशी सांगायची, हे सगळं वहीत उतरवलं. लेखी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. पुन्हा बसले आणि पास झाले. नवऱ्याने प्रमाणपत्राचा फोटो पाळीतल्या प्रत्येकाला दाखवला. त्याचा एक बिहारी सहकारी मला भाजीबाजारात भेटला, तर भर गर्दीत "नमस्ते कोच साहब!" म्हणून ओरडला.

मग क्लबाचे नियम ठरले. प्रशिक्षणाशिवाय आणि पोलिस पडताळणीशिवाय कुणी शिकवायचं नाही. रोज एक पालक मैदानावर बसेल, आणि त्याला वाटलं तर तो सराव थांबवू शकेल. पहिली बसली ती सातपाटीची आईच. आठवड्यात तिने मला दोनदा थांबवलं, एकदा पाण्यासाठी आणि एकदा नुसतं "बाय, आवाज" म्हणून. राग आला मला. पण थांबले.

मुलांच्या संघाचे प्रशिक्षक मात्र "आम्हाला काय शिकवणार?" म्हणत निघून गेले. जाताना चांगले चार खेळाडूही घेऊन गेले. ते वर्ष क्लबाला जडच गेलं.

त्याच वर्षी माझ्या मुली पालघरच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यापर्यंत पोचल्या. शेवटची तीन मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि आमच्या कर्णधाराच्या डोक्यावर समोरच्या मुलीचा गुडघा आदळला. ती लगेच उभी राहिली. "ताई, मी ठीक हाय. जाऊ द्या."

"मागची चढाई कुणी केली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आठवेना. मागून लोक ओरडत होते, "खेळू द्या तिला!" मी तिला बाहेर घेतलं.

तीन गुणांनी हरलो. तिला तिथूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, पंधरा दिवस खेळ बंद सांगितला आणि म्हणाले, "पुन्हा तिथेच मार बसला असता तर अवघड होतं. बाहेर काढलंत ते बरं केलंत."

परतीच्या गाडीत संघातली सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "ताई, तिच्या जागी मी असते तरी काढलं असतंत? मी तर राखीव."

"काढलं असतं."

"मग बरं," ती म्हणाली आणि शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

घरी पोचले तेव्हा नवरा दारातच होता. "काय झालं?"

"हरलो," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना.